शेंगोळ्यांचं पातेलं

शेंगोळी वळायला बसल्या की आत्या तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. एरवी दिवसभर बोलणारी बाई, पण हुलग्याच्या पिठाचा गोळा पुढ्यात आला आणि तळहाताला तेलाचं बोट लागलं की गप्प. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात. मी १९७८ साली लग्न होऊन जुन्नर तालुक्यातल्या आळ्यात आले, त्याच थंडीत मी त्यांना विचारलं होतं, "आत्या, यात देवाचं काही असतं का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "देवाचं कसलं गं? ध्यान गेलं की तुटतंय. हुलगा हाय त्यो, गहू न्हाई."

बाहेरगावच्या वाचकासाठी सांगते. हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ. ते जरासे भाजून दळायचे. त्या पिठात लसूण, जिरं, मिरची वाटून घालायची, मीठ-हळद घालून घट्ट मळायचं. मग सुपारीएवढा गोळा घेऊन तळहातावर नाहीतर पाटावर लांब दोरी वळायची, तिची टोकं एकात एक अडकवायची आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पीठ थोडं पाण्यात उतरतं, रस्सा दाटतो, घरभर वास सुटतो. जुन्नर-आंबेगावात आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात थंडीपावसात हे जेवण घरोघर होतं. शहरात कुणी विचारलं की मी सरळ सांगते, आमच्या नूडल्स आहेत त्या.

हे सगळं मला नव्यानं आठवावं लागलं ते नातीमुळे. २०२२ साली ती सहा वर्षांची होती आणि चार वर्षांची दिसायची. पोट पुढे, हातपाय काड्या, रक्त कमी. लोहाची औषधं देऊन देऊन रक्त वाढेना. जंत झाले, अशक्तपणा आहे, मुलगी खायलाच कंटाळते, असं ऐकण्यात आधीची दोन वर्षं गेली होती. शेवटी एका डॉक्टरांनी वेगळी रक्ततपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: सीलिॲक. गव्हात, जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात जे ग्लूटेन असतं त्याच्याशी तिच्या शरीराचं वैर. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उठतं, आणि खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही. औषध नाही. गहू बंद, आणि तो जन्मभर.

सुनेचा फोन आला तेव्हा ती रडत होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अगं, त्यात रडायचं काय? आपल्याकडे गहू होता कुठे? बाजरीवर वाढलो आम्ही." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "आई, तिला भाकरी नकोय. तिला चिकन नूडल्स हवेत."

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. रात्री तिथे गाड्यांचे दिवे लागतात आणि त्यांतल्या निम्म्या गाड्या चायनीजच्या असतात. सुट्टीत नात आली की आजोबांचं बोट धरून फाट्यावर जायचं आणि हाफ प्लेट खायची, हा तिचा ठरलेला कार्यक्रम. त्या हाफ प्लेटमधल्या नूडल्स मैद्याच्या. वर ओतलेला सोया सॉसही गहू घालून आंबवलेला. म्हणजे कोंबडी सोडली तर त्या ताटलीतलं तिला काहीच चालणार नव्हतं.

माझं "गहू होता कुठे" हे वाक्य मात्र मला टोचत राहिलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. चौथीला शिवनेरी शिकवण्यात आयुष्य गेलं. आपण जे ठासून सांगतो ते तपासून बघायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. म्हणून शोधायला बसले, आणि पहिल्याच झटक्यात तोंडावर पडले.

माझ्या माहेरावरून, घोडेगावच्या वरच्या अंगानं, घोड नदी वाहते. तीच खाली शिरूर तालुक्यात इनामगावापाशी जाते. तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती होती ती. तिथल्या जळक्या दाण्यांत सर्वांत जास्त होता जव. सोबत गहू होता, मसूर होती आणि हुलगेही होते. पाण्याचा पाटदेखील सापडला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी आमच्याच नदीकाठी माझ्या नातीला चालणार नाहीत अशी दोन धान्यं पिकत होती, आणि त्यांतलं एक तर मुख्य होतं.

आणि मी जिच्या नावानं छाती पुढे काढत होते ती बाजरी? ती आफ्रिकेतून आलेली. ज्वारीही तिकडचीच. दोघी इथे येऊन इतक्या जुन्या झाल्या की आता त्यांना कुणी माहेर विचारत नाही. अस्सल या देशाच्या मातीतला म्हणावा तर हुलगा, ज्याला जनावराचं खाणं म्हणून आपण कधी पंगतीत घेतलं नाही.

जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानाचे लेख आहेत. त्यांतल्या एकात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरात डोंगर कोरून देण्याएवढा पैसा धान्यात होता. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या त्या गोण्यांत काय काय भरलेलं असेल ते दगडावर लिहिलेलं नाही. नाहीतर आमचं काम सोपं झालं असतं.

तेव्हा माझं वाक्य मी दुरुस्त करून घेतलं. गहू होता, पण तो पाण्यामागून फिरणारा. जिथे पाट, जिथे मोट, जिथे ओल धरणारी काळी जमीन, तिथे गहू. कोरडवाहूत बन्सी आणि बागायतीत खपली, असे दोन गहू आमच्या सासऱ्यांना माहीत होते. आळे, बेल्हे आणि त्यावरचं आणे पठार हा मुलूख पावसाच्या जिवावर जगणारा. इथे जून-जुलैत बाजरी पेरायची, तिच्यात नाहीतर बांधाकडेच्या हलक्या रानात हुलगा टाकायचा. पाऊस आला तर दोन्ही, नाही आला तर निदान हुलगा. आंबेगावच्या पश्चिमेला, माझ्या माहेरच्या अंगाला, भाताची खाचरं आणि डोंगरउतारावर नाचणी, वरई. गहू दोन्हीकडे सणाचा: पुरणपोळीला, जावयाला, लग्नातल्या गव्हल्यांना आणि उन्हाळ्यातल्या शेवयांना.

शेवयांबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण गव्हाचा मान नेमका कशात होता ते तिथे कळतं. चैत्र संपता संपता आळीतल्या बायका एकेकीच्या ओसरीवर जमायच्या. रवा आदल्या रात्री भिजवून, तिंबून, कुटून ठेवलेला. आधी पाटावर हातानं शेवई काढायच्या, नंतर बाजेला आवळून बसवायचं मशीन आलं. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खाली लोंबणारा घोस काठीवर झेलायचा, तिसरीनं सावलीत वाळत घालायचा. सुईच्या नेढ्यातून जाईल इतकी बारीक शेवई काढणारीचं नाव चार गावांत व्हायचं. आज कळतं, ती सगळी करामत ग्लूटेनची होती. गव्हाचं पीठ ताणलं की ताणतं, तुटत नाही. हुलग्याला ओढ सोसत नाही, तो वळावाच लागतो. आत्या १९७८ साली मला एका वाक्यात हेच सांगून गेल्या होत्या, फक्त शास्त्राचा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

कुरडईचंही तसंच. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, कापडातून चीक गाळायचा आणि चोथा गुरांना टाकायचा. म्हणजे चिकट ग्लूटेन आणि कोंडा बाजूला काढून सत्त्व वेगळं करण्याची युक्ती या बायकांना पाठ होती. "मग कुरडई तिला चालेल की!" असं माझी जाऊबाई म्हणाली. नाही चालत. कापडात सगळं ग्लूटेन मागे राहत नाही. पण तिचा प्रश्न हुशारीचा होता, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं.

गहू रोजच्या ताटात केव्हा आला? माझ्यापुरतं उत्तर आहे: दुष्काळात. १९७२ साली मी चौदा वर्षांची होते. दुष्काळी कामावर आई-वडील खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळायची, लालसर ज्वारी. तिची भाकरी तव्यावरच तडकायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावरच्या पोरांना सुकडी वाटायचे. ती कशाची होती ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गोड होती. आणि त्याच रेशनच्या दुकानात गहू यायचा, तांबूस, जाड, पण गहू! मिलोच्या शेजारी तो राजाच वाटायचा. सणाचं धान्य दुष्काळात रोज खायला मिळतंय, याचं माझ्या आईला इतकं अप्रूप की पहिल्या दिवशी तिनं चपात्या देवापुढे ठेवल्या होत्या.

त्या आधीच, १९५४ च्या अमेरिकी कायद्याखाली, पीएल ४८० म्हणतात त्या योजनेतला गहू बोटींतून मुंबईला उतरू लागला होता. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, कल्याणसोना-सोनालिका निघाले, पुढे गुजरातेतून लोकवन आला. आमच्याकडे मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पिंपळगाव जोग्याचं कालव्याचं पाणी आळ्याच्या शिवारात फिरलं. पाणी आलं तसा त्याच्यामागून गहू आला, इनामगावात आला होता तसाच. अर्थात पाण्यानं फक्त गहू आणला असं नाही. ऊस आणला, कांदा आणला, टोमॅटो आणला, आणि त्यांच्या पैशावर सिहोरी गव्हाची पोती विकत घ्यायची ऐपतही आणली. हलक्या रानातला हुलगा मात्र मागे हटला. तो राहिला बैलांपुरता. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस खांदा बघायचा, दात बघायचा आणि विचारायचा, "हुलगा खातोय का?" गाड्याच्या बैलांना तर आजही हुलग्याचा खुराक. बैलगाडा शर्यतींवर २०१४ ते २०२१ बंदी होती, तेव्हाही आमच्या गल्लीतल्या एकानं बैलाचा हुलगा बंद केला नाही. घरच्या पोरांना कधी त्यानं शेंगोळी घातली असतील तर देव जाणे.

हे बदलताना मी शाळेत डबे बघत होते. नोकरीच्या सुरुवातीला फडक्यात बांधलेली बाजरीची भाकर आणि ठेचा. दहाएक वर्षांत भाकरी आणणारं पोर डबा मांडीआड धरून खाऊ लागलं, कारण शेजारच्याच्या डब्यात चपाती असायची. मी स्वतः माझ्या मुलाला चपातीच दिली. बाईंचा मुलगा ना! मॅगी आपल्या देशात १९८३ ला आली. आमच्या फाट्यावरच्या दुकानात ती उशिरा पोचली, पण आली ती परत गेली नाही.

आता एक परदेशी दुष्काळ सांगते. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ हेग शहरात मुलांच्या इस्पितळात काम करायचे. नातीचा हा आजार डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचं वर्णन छापलं होतं आणि आहारातूनच काही झालं तर होईल असं त्यांना वाटत होतं. पण नेमका कोणता पदार्थ नडतो ते ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ पासून केळ्यांवर मुलं वाढवली आणि श्रेय केळ्यांना दिलं. डिकेंना पावाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, माणसं भुकेनं मेली. आणि त्या इस्पितळातली ही खंगलेली मुलं, भोवती सगळे उपाशी असताना, सुधारू लागली. पाव नव्हता म्हणून. पुन्हा पाव मिळू लागला तशी ती पुन्हा खाली गेली. १९५० साली डिकेंनी उत्रेख्तच्या विद्यापीठात प्रबंध दिला आणि गव्हाचा गुन्हा कागदावर आला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हॉलंडच्या दुष्काळात गहू गेला, आमच्या दुष्काळात गहू आला. तिथे कुणी मूल बरं झालं, इथे कुणाचं पोट बिघडलं असेल तर ते कोण मोजणार होतं? दुष्काळात पोर खंगलं तर कारण शोधायची कुणाला गरज वाटते?

आपल्याकडची मोजणी फार उशिरा झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभरात साधारण सव्वा माणसाला हा आजार सापडला, दक्षिणेत हजारात एकाला. रक्तातला जो वारसा यासाठी लागतो तो दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, तीनात एकाहून थोडा जास्त. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी दिवसाला ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. पण लगेच टाळी वाजवू नये. ईशान्य भारतात गहू अवघा ३७ ग्रॅम आणि आजार मात्र शंभरात एकाच्या जवळपास. म्हणजे सगळा हिशेब गव्हाच्या पोत्यात मावत नाही.

कोंबडीचं अजून सांगायचं राहिलं. आमच्या घरी कोंबडी कधी चुलीवर चढली नाही. आत्या माळकरी. आळं हे रेड्याच्या समाधीचं गाव. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा भावंडांबरोबर निघाला, आळ्यात येऊन थांबला आणि इथेच त्याला समाधी दिली, अशी गावाची श्रद्धा आहे. चैत्रातल्या एकादशीला तिथे जत्रा भरते. अशा गावात माळेचा धाक मोठा. आखाडात पुरुषांना कोंबडी हवी असली की परड्यात तीन दगड मांडायचे, काळं भगुलं वेगळं, पळी वेगळी, आणि रांधायचे मामा, म्हणजे माझे सासरे. आत्या तेवढा वेळ पुढच्या ओसरीवर पाठ करून बसायच्या.

मामांचा रस्सा दोन टप्प्यांत व्हायचा. गावठी कोंबडी हळद-मीठ-आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजत ठेवायची, तासदीड तास. मग त्यातलं वरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं. हे अळणी. नाव अळणी, पण मीठ असतं त्यात, फक्त तिखट नसतं. ते लहान पोरांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला. उरलेल्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला पडायचा. तो रस्सा ताटात ओतून त्यात बाजरीची भाकरी चुरायची, काला करायचा, आणि हातानं ओरपायचा. जगात कुठेही आजारी माणसाला कोंबडीच्या पाण्यात काहीतरी मऊ पिठाचं घालून देतात. आमच्याकडे ते मऊ म्हणजे भाकरीचा चुरा.

म्हणजे आमच्या घरात दोन पातेली होती. पुढे चुलीवर आत्यांची शेंगोळी, मागे परड्यात मामांचं अळणी. मध्ये वीस पावलांचं अंतर. पंचवीस वर्षं मी दोन्हीकडचं जेवले आणि एकातलं दुसऱ्यात घालावं असं एकदाही मनात आलं नाही.

२०२२ च्या दिवाळीत घातलं. आत्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी मी आधी त्यांच्या फोटोकडे बघितलं. खोटं कशाला बोलू?

पहिला प्रयत्न फसला. अळणीत सोडलेली शेंगोळी विरघळली आणि पातेल्यात पिठलं झालं. दुसऱ्यांदा नणंद मदतीला आली. तिची शेंगोळी सुरेख झाली, एक तुटलं नाही. नातीनं दोन वाट्या खाल्ल्या आणि रात्रभर पोट धरून रडली. सकाळी नणंदेला विचारलं तर ती सहज म्हणाली, "मूठभर कणीक टाकली की गं. त्याशिवाय वळतंय का कुठं?" बिचारीनं प्रेमानंच केलं होतं. तिच्या आईनं, म्हणजे आत्यांनी, कणीक कधी टाकली नव्हती. घरात गहू मुबलक झाल्यावर ती मूठ कधी शिरली ते कुणालाच कळलं नाही.

मग मी एकटी बसले. हुलग्याचं पीठ दोन वाट्या, अर्धी वाटी ज्वारीचं, आणि त्यात दोन चमचे तांदळाच्या पिठाची उकड. माझ्या माहेरच्या भाताची उकड सासरच्या हुलग्याला धरून राहते, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. पीठ कढत पाण्यात मळायचं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. अळणी खळखळ उकळत असेल तेव्हाच चार-चार शेंगोळी सोडायची आणि पहिली पाच मिनिटं पळी अजिबात लावायची नाही. वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात. वर लिंबू आणि कोथिंबीर. हुलगा वातूळ म्हणून पूर्वी हिंग घालायचो, तो बंद केला. डबीवर बारीक अक्षरांत वाचलं तर हिंगात चक्क गव्हाचं पीठ. आता ओवा घालते.

खरं भांडण गिरणीत झालं, आणि ते कुणाशी नव्हतं. पूर्वी गिरणीत बायका हटून बसायच्या, "बाजरीवर माझा गहू टाकू नको, चपात्या काळ्या पडतात." आता मी म्हणत होते, गव्हावर माझी ज्वारी टाकू नको. गिरणीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, पाटा झाडूनही दिला. पण नियमाप्रमाणे ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमहून जास्त असता कामा नये. जिथे हवेतच कणीक उडतेय तिथे ते कसं जमणार? शेवटी घरघंटी घेतली. मुलगा म्हणाला, फ्रीजएवढे पैसे गेले. गेले तर गेले.

फुकटचे सल्ले देणारे कमी नाहीत. "खपली द्या, तो जुना गहू, तो बाधत नाही." बाधतो. खपली असो की बन्सी, गहू तो गहूच. "एका घासानं काय होतंय?" होतं. थंडीत आणे गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची जत्रा भरते, कढयांनी आमटी आणि ढिगांनी बाजरीच्या भाकरी. उभ्या जुन्नर तालुक्यात गव्हाचा दाणा न लागणारी एवढी मोठी पंगत दुसरी नसेल. तरी तिथे नातीसाठी मी घरून डबा नेला. भाकर बाजरीची असली तरी ती कुणाच्या गिरणीतून आली हे कुणाकुणाला विचारू? नात डब्यातली भाकर कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मांडीआड धरून खात होती. मी तो डबा ओळखला.

आता ती नऊ वर्षांची आहे. तीन वर्षांत अंगानं भरली, वर्गातल्या मुलींच्या खांद्याला लागली. मे महिन्यात येते तेव्हा फाट्यावर जायचा हट्ट अजून करते, तेव्हा मी तांदळाच्या शेवया नव्या सोऱ्यातून उकळत्या अळणीत पाडून देते. जुना पितळी सोऱ्या जाऊबाईला देऊन टाकला. त्याच्या जाळीत चाळीस वर्षांचा गहू बसलेला. शेवया तिला आवडतात, पण वळायला मिळतं म्हणून शेंगोळी जास्त आवडतात.

परवा वळायला बसली आणि बडबड सुरू. शाळेतलं, मैत्रिणीचं, कुणी कुणाला काय म्हटलं त्याचं. मी म्हटलं, "गप्प राहा, तुटेल." तिनं दोरीची दोन वेटोळी केली, ती एकमेकांना चिकटवली आणि तळहातावर धरून मला दाखवलं. "आजी, हा बघ, ळ झाला." खरंच ळ झाला होता. आळ्यातला ळ. उकळत्या पातेल्यात सोडला तर मधोमध तुटला आणि दोन गोल होऊन वर आला. तिनं ते दोन्ही पळीनं काढून स्वतःच्या वाटीत घेतले, फुंकर मारली आणि म्हणाली, "लिंबू कमी आहे."